दारफाळणीच्या दिवशी उघडलेलं दार

बसा, बसा सगळे. मागच्या बायांनो, जरा पुढे सरका, इथे ओट्याजवळ जागा आहे. आज माझ्यानं मोठ्या आवाजात बोलवणार नाही.

हन्नाकाकू, मुंबईहून आलेले काकूंचे भाऊ, वणीहून आलेली मंडळी, जिनिंगमधले जुने कामगार आणि आपल्या वस्तीतल्या माझ्या माणसांनो. झरीकडच्या ज्या गावात मी शिकवते, तिथे रोज पाच तास बोलते. बोलणं हाच माझा धंदा. पण काल मोटारीत बसल्यापासून मी एकच वाक्य जुळवत होते, आणि ते अजून जुळलेलं नाही. अब्राहम मिस्त्री गेले. एवढंच जुळतं. त्याच्यापुढे काही जुळत नाही.

तरी मला बोलायचं आहे. कारण इथे बरीच तरुण मुलंमुली बसलेली आहेत. त्यांना मिस्त्रीकाका म्हणजे चांदा रोडवर टपरीत बसून पंप दुरुस्त करणारा एका डोळ्याचा माणूस, एवढंच ठाऊक. तो दुसरा डोळा कुठे गेला, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नाही. आज मी सांगते. जे झालं ते तसंच सांगते. कोणाला ऐकवत नसेल, तर त्यानं खुशाल उठून जावं.

मिस्त्रीकाका इकडचे नव्हते. ते कुलाबा जिल्ह्यातले, समुद्राकाठचे. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर म्हणून आले आणि राहिले. ते इस्राएली होते, म्हणजे ज्यू. आमच्या गावाला इस्राएल म्हणजे काय, हे कुठून कळावं? कोणी म्हणे मुसलमान, कोणी म्हणे किरिस्ताव. पण त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, काकूंचं लुगडं आमच्यासारखंच, आणि गळ्यात मंगळसूत्र. शनिवारी ते इंजिनाला हात लावत नसत. जिनिंगमधले लोक हसायचे. ‘मिस्त्री, शनवारी इंजन देव चालवते का?’ तेही हसायचे. ‘देव चालवत नाही, पण बिघडवतही नाही,’ म्हणायचे.

जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून चार खोल्यांची चाळ होती. शेवटची खोली यांची. मग नाला. नाल्यापलीकडे आमची वस्ती. गाव तेव्हा तिला महारवाडाच म्हणायचं. आम्ही दीक्षा घेऊन तिसरं वर्ष लागलं होतं, तरी गावाच्या तोंडातून जुनं नाव जात नव्हतं.

आख्ख्या तालुक्यात इस्राएल लोकांचं हे एकच घर. काका, काकू आणि त्यांची मुलगी रूथ. रूथ माझ्याहून थोडी लहान. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथे होता एक. मी एकदा विचारलं होतं, ‘काकाजी, मग तुमची प्रार्थना पुरी कशी होते?’ म्हणाले, ‘होत नाही गं. अर्धीच होते. अर्धीच करतो.’

त्यांचे सण आम्ही नाल्याच्या आमच्या काठावरून पाहायचो. कधी मलिद्याचं ताट यायचं, पोहे, गूळ, खोबरं, वर खजूर. पण एक सण असा होता की त्या दिवशी काही यायचं नाही. उलट त्या घराचं दारच लागायचं. दारफाळणीचा सण म्हणायचे ते. फाळणी म्हणजे लावून घेणं. आदल्या संध्याकाळी दिवस बुडायच्या आत जेवायचं, अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, दिवा लावायचा आणि दाराला आतून अडसर घालायचा. दुसऱ्या दिवशी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्या माणसाशी एक शब्द नाही. वर्षभराच्या पापांचा हिशेब देवापुढे मांडून बसायचं. गावातल्या माणसांना ते ठाऊक झालं होतं. त्या दिवशी त्या दारावर कोणी थाप मारायचं नाही. कुल्फीवालासुद्धा तिथून जाताना घंटी वाजवायचा नाही.

पण दार लावण्याच्या आधी काका एक गोष्ट करायचे. ते घरोघर जायचे. जिनिंगमधल्या हमालांकडे, चाळीतल्या शेजाऱ्यांकडे, आणि नाला ओलांडून आमच्याकडे. उंबऱ्यासमोर उभे राहायचे, हात जोडायचे. ‘वर्षभरात माझ्याकडून काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा.’ माझी सासू लाजून पदर तोंडात धरायची. ‘अवो मिस्त्रीजी, तुमी काय चुकले? आमच्या दारात येऊन कायले हात जोडता?’ आमच्या दारात तोवर हात जोडून कोणी उभं राहिलेलंच नव्हतं. कोणीच नाही.

माणसांशी झालेलं देव माफ करत नाही, असं ते म्हणायचे. ते माणसाकडूनच माफ करून आणावं लागतं, मग देवापुढे बसायचं.

आता त्या वर्षाचं सांगते.

त्या वर्षी दसरा झाला आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्यांची दारफाळणी होती. दसऱ्याला गावची मिरवणूक निघते. पिढ्यान्‌पिढ्या त्या मिरवणुकीपुढे आमच्या माणसांनी डफडं वाजवायचं. त्या वर्षी आमच्या माणसांनी सांगितलं, आम्ही वाजवणार नाही. तसं दोन वर्षं कुरबुर चाललीच होती. कधी कोणी गेलं, कधी नाही. त्या वर्षी डफडी फोडली आणि नाल्यात टाकली. त्यात पुढे माझा नवरा होता. नामदेव. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. हाडापेरानं काही फार दणकट नव्हता. पण बोलायला लागला की ऐकावं वाटायचं. पाटलाच्या माणसांनी त्याला चौकात अडवून विचारलं, ‘काहून वाजवत नाई बे?’ तो म्हणाला, ‘हात आमचे हायेत म्हनून.’

मिरवणूक डफड्याविना निघाली. अख्खं गाव मुकाट चाललं. मी नाल्याच्या कडेवरून पाहत होते. मला वाटलं, झालं, संपलं. आम्ही सगळ्या बायकांनी तेच म्हटलं. संपलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले.

किती होते, मला विचारू नका. कोर्टातही हे विचारलं होतं. जीव घेऊन पळणारं माणूस डोकी मोजत नाही. लाठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, घासलेटचे डबे होते. वस्तीच्या वरच्या टोकाची घरं आधी पेटवली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे कूड ते, भपकन पेटले. बाया लेकरं काखोटीला मारून नाल्याकडे धावल्या. सासू म्हणाली, तुम्ही पळा, म्हातारीला कोणी काही करत नाही. तिला त्यांनी दारातच लाठीनं पाडलं. कंबर मोडली तिची. मरेपर्यंत ती सरळ चालली नाही.

नामदेवला ते शोधतच होते. नाल्याच्या उताराला गाठलं. एकानं कुऱ्हाड घातली. इथे, मान आणि खांदा यांच्यामध्ये. मी पाहिलं. ओलं लाकूड फोडताना कुऱ्हाड रुतते, तशी ती रुतली, आणि त्या माणसाला ती ओढून काढावी लागली. तो ओढत होता तेवढ्यात मी त्याच्या तोंडावर नाल्यातला गोटा मारला. तो मागे पडला. मी नामदेवला उठवलं. कसा उठला, कसा चालला, देव जाणे. माझ्या अंगावर टेकून तो चालला. माझं लुगडं गरम होत गेलं, आणि जड.

नाला ओलांडला. चाळीतली पहिली तीन दारं उघडी होती. आम्हाला पाहिलं आणि ती लागली. धाड, धाड, धाड. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या मागे कुऱ्हाडी लागल्यात, त्याला घरात कोण घेईल?

चौथं दार कालपासूनच बंद होतं. मला माहीत होतं की ते आज उघडत नाही. इतकं माहीत होतं की मी थापही मारली नाही. माझी ताकद संपली म्हणून मी तिथे पडले. नामदेवसकट त्या दारावर पडले. बस.

आतून अडसर निघाल्याचा आवाज आला.

दारात मिस्त्रीकाका. पायघोळ पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर त्यांची ती प्रार्थनेची शाल. कालपासून पाणी नाही, ओठ फुटलेले. त्यांनी एकही शब्द विचारला नाही. नामदेवला काखेत हात घालून आत ओढलं. मला काकूंनी ओढलं. काकूंचं पांढरं लुगडं छातीपासून खालपर्यंत लाल झालं. खोलीत जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली होती, तिच्यावर बसून ते प्रार्थना करत होते. त्याच चादरीवर नामदेवला निजवलं.

मी म्हणाले, ‘काकाजी, ते येऊन राह्यले मागं.’

‘किती जण?’

‘लय.’

त्यांनी शाल काढली, घडी केली, रूथच्या हातात दिली. मग अडसर उचलला. सागाचा होता, मनगटाएवढा जाड. बाहेर गेले आणि मागे दार ओढून घेतलं. काकूंनी आतून खाट आडवी लावली. मी दाराच्या फटीला डोळा लावला. आता जे सांगते ते मी त्या फटीतून पाहिलेलं आहे.

लोक आले. पांढऱ्या कपड्यांतला माणूस पाहून थांबले. एक जण पुढे झाला. तो गुलाब. बैलगाडी हाकायचा, जिनिंगमध्ये कापूस आणायचा. काकांना रोज राम राम करणारा माणूस.

‘मिस्त्री, बाजूले व्हा. तुमचं आमचं काई वैर नाई.’

काका म्हणाले, ‘वैर नाही ना? मग घरी जा.’

‘थो नामद्या आत हाये. त्याले बाहीर द्या, आमी चाललो जातो.’

‘गुलाब, आज माझा कडक उपास आहे. आज मी बाहेरच्या माणसाशी बोलत नाही. तरी तुझ्याशी बोलतो आहे. तो मरायला टेकलाय. त्याला नीट मरू दे.’

मागून कोणीतरी ओरडलं, ‘मारा या बाटग्याले!’ गुलाबनं लाठी उचलली. काकांनी अडसर फिरवला. मारामारी त्या माणसाला येत नव्हती. घण मारायची सवय होती, तसा मारला. गुलाबचा उजवा हात कोपराखाली मोडला. तो आवाज मी आत ऐकला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. गुलाब हात धरून खाली बसला आणि गुरासारखा ओरडला.

मग सगळे तुटून पडले.

लाठ्या बरगड्यांवर. लाठ्या पाठीवर. काका दाराला पाठ लावून उभे. पडले की दार उघडेल, म्हणून पडायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. दार थरथरत होतं. प्रत्येक फटक्याला त्यांचं अंग दारावर आपटायचं आणि आत माझ्या कपाळाला फळी लागायची. एक दगड आला. तो डोळ्यावर बसला. ते किंचाळले नाहीत. खोल विहिरीत काही पडावं तसा हुंकार आला. त्या पांढऱ्या सदऱ्यावर काय काय सांडलं, ते मी काकूंसमोर सांगत नाही.

मग घासलेटचा वास आला. दाराच्या खालच्या फटीतून ते आत वाहत आलं, आणि त्याच्यामागून जाळ. काकांच्या पायांना तो लागला. त्यांच्या पावलांवरचे डाग तुम्ही पाहिले असतील. तरी ते हलले नाहीत.

काकूंनी घरातलं सगळं पाणी दारावर ओतलं. आदल्या दिवशी भरून ठेवलेला रांजण, कळशी, घागर. कोणी प्यायलेलं नव्हतं त्यातलं. सगळं ओतलं. जाळ विझला.

तेवढ्यात जिनिंगचा भोंगा झाला. हंगाम सुरू व्हायचा होता, आत दुरुस्तीची माणसं होती. त्यांनी मागच्या भिंतीवरून पाहिलं आणि भोंगा दाबून धरला. थांबेचना. मग ते लोखंडी सळया घेऊन भिंतीवरून उतरले. इथे बसलेत त्यातले काही जण. तुम्ही त्या दिवशी उतरला नसता तर आज बोलायला मी नसते. गावची माणसं पळाली. गुलाबला तिथेच टाकून पळाली.

काका दारासकट आत कोसळले.

नामदेव अजून होता. तोंड हलत होतं त्याचं. मी कान लावला. पाणी म्हणत होता. मी काकूंकडे पाहिलं. घरात पाणी उरलेलं नव्हतं. सगळं दारावर गेलं होतं. चुलीपाशी फक्त एक तांब्या झाकून ठेवला होता. संध्याकाळी उपास सोडायचा, तेव्हा रूथला आधी द्यायचं म्हणून बाजूला ठेवलेलं पाणी. रूथनंच तो उचलला. माझ्या हातात दिला. तिची स्वतःची जीभ टाळूला चिकटत होती. बोलता येईना तिला. नामदेवनं दोन घोट घेतले. तिसरा घोट तोंडातून परत आला.

माणसं जमली, चांदण्या दिसायला लागल्या, उपास सोडायची वेळ झाली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. काकांना बैलगाडीतून वणीच्या दवाखान्यात नेलं. डोळा काढला. तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमी सगळ्यांना भेटायला जायचे, गोरगरिबांना काही द्यायचे. त्या वर्षी आमची जळलेली वस्ती त्यांना भेटायला गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतो आम्ही. घरं नव्हतीच, जायचं कुठे?

इथवरचं बऱ्याच जणांना अर्धंमुर्धं माहीत होतं. आता पुढचं ऐका. माझ्या मते काकांचं खरं धैर्य पुढेच आहे.

खटला उभा राहिला. आमच्यापैकी साक्षीदार पुष्कळ होते, पण आमची साक्ष म्हणजे वैऱ्याची साक्ष. तटस्थ असा माणूस एकच. जिनिंगच्या मालकानं काकांना बोलावून सांगितलं, मिस्त्री, तुम्हाला काही दिसलं नाही, डोळाच गेला तुमचा. काका म्हणाले, ‘जाण्याआधी त्यानं पाहिलं होतं.’ काम सुटलं. खोली सुटली. चाळीतून सामान बाहेर आलं. आमच्या वस्तीत तेव्हा पत्र्याच्या चार झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एकीत हे तिघं येऊन राहिले. रात्री पत्र्यावर दगड पडायचे. काकू भिंतीला टेकून बसायच्या आणि रूथच्या डोक्यावर परात धरायच्या.

मुंबईचे नातेवाईक आले. चला म्हणाले. आपले लोक आपल्या देशात, इस्राएलला चाललेत, जहाजं भरभरून चाललेत, इथे कशाला मरता? काका म्हणाले, ‘साक्ष झाल्यावर बघू.’

यवतमाळच्या कोर्टात मी बाकावर बसले होते. आरोपींच्या वकिलानं काकांना उभं करून सणाबद्दलच विचारायला सुरुवात केली. मला आधी कळेचना, हा सणाबद्दल काय विचारतो.

‘त्या दिवशी तुमचा उपास होता?’

‘होय.’

‘पाणीसुद्धा नाही? आदल्या संध्याकाळपासून?’

‘नाही.’

‘मग डोकं गरगरत असेल. माणसं नीट ओळखू आली कशी?’

‘रोज राम राम करणारी माणसं होती. उपाशीपोटीही ओळखू येतात.’

वकील हसला. मग म्हणाला, ‘तुमच्या धर्मात त्या दिवशी दार उघडायचं नाही. बाहेरच्याशी बोलायचं नाही. बरोबर? तुम्ही दार उघडलं. बोललात. हाणामारी केली. वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी तुम्ही तुमचा धर्म मोडला. जो माणूस देवाशी घेतलेलं व्रत पाळत नाही, त्यानं इथे घेतलेल्या शपथेवर आम्ही विश्वास का ठेवावा?’

काकांनी कठड्याला धरलं. एका डोळ्यानं त्या वकिलाकडे पाहायला त्यांना सगळी मान वळवावी लागत होती.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘दार आम्ही लावतो ते आपली पापं आठवायला. दाराबाहेर माणूस तोडला जात होता. मी आत बसून राहिलो असतो, तर पुढची सगळी वर्षं मला तेवढं एकच पाप आठवत बसावं लागलं असतं.’

मग वकिलानं न विचारताच पुढे बोलले. ‘आणि एक लिहून घ्या. गुलाबचा हात मोडला तो मी. तो म्हणतो पडून मोडला. पडून नाही. मी मोडला.’

आमचे वकील कपाळाला हात लावून बसले. कोणी विचारलं होतं का? गुलाब स्वतःच सांगत होता की पडून मोडला, कारण तिथे होता हेच त्याला नाकारायचं होतं. पण काकांच्या त्या एका वाक्यानं सगळी साक्ष खरी वाटली, असं नंतर लोक म्हणाले. काय खरं, मला ठाऊक नाही. कुऱ्हाड घालणाऱ्याला जन्मठेप झाली. गुलाबला आणि आणखी काहींना दोन वर्षं सक्तमजुरी. बरेच जण पुराव्याअभावी सुटले. ते आजही गावात फिरतात. मी बाजारात गेले की त्यांच्याच दुकानातून मीठ घेते.

साक्ष झाली तरी काका गेले नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रूथ लग्न होऊन त्या देशात गेली. हे दोघं राहिले. चांदा रोडवर टपरी टाकली. काकूंनी मला शिकायला लावलं. माझे केस विंचरता विंचरता म्हणायच्या, ‘रडायचं असेल तेवढं रड, पण पुस्तक उघडं ठेव.’

आणि मग गुलाब सुटून आला.

त्या वर्षी दारफाळणीच्या आदल्या दिवशी काका नेहमीसारखे आमच्या वस्तीत घरोघर फिरले. मग गावात गेले. गुलाबच्या दारात गेले. हात जोडून उभे राहिले. म्हणाले, मी तुझा हात मोडला, माफ कर.

मला कळलं तेव्हा मी धावत टपरीवर गेले. मी त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. शिकलेली भाषा विसरले.

‘काकाजी, तुमी त्याच्या दारात गेलते?’

‘गेलो होतो.’

‘माह्या मानसाले ज्यायनं तोडलं, त्यायच्यात होता थो! तुमचा डोया फोडनाऱ्यायच्यात होता! अन् माफी तुमी मांगता? त्यानं मांगाची का तुमी?’

ते म्हणाले, ‘त्यानं केलं ते त्याच्याकडे. हात मी मोडला, तो माझ्याकडे.’

‘मंग माह्या नामदेवचं काय?’

त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, ‘शांता, तुझ्या वतीनं मी काही मागितलं नाही, काही दिलंही नाही. तू त्याला माफ करू नको. तुझा राग खरा आहे. तो माझ्यासाठी सोडू नको.’

माणसांनो, मी तो सोडला नाही. आजही सोडलेला नाही. माझा राग चुकीचा होता, असं मी आज इथे म्हणणार नाही. पण त्या माणसाशी मात्र मला भांडता येईना. मी तिथेच टपरीच्या फळीवर बसले आणि त्यांनी मला चहा दिला.

पहिल्या वर्षी गुलाबनं डाव्या हातानं त्यांच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या वर्षी बाहेर आला नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, आला. काकांनीच मला सांगितलं. उजवा हात पुढे करून म्हणाला, ‘हे पाहा. वाकडा बसला. माफीनं बैल जुपता येत नाई, मिस्त्री.’

मी विचारलं, ‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘काय म्हणणार? बरोबर बोलला तो.’

‘मग आता?’

‘तीनदा मागायची असते. त्यानं नाही दिली. आता पुढचं देवाकडे.’

ते काही हलकं होऊन बोलले नाहीत. त्यांचा चेहरा मी पाहिला. तो हात त्यांना टोचत होता. स्वतःच्या डोळ्यापेक्षा जास्त टोचत होता.

यंदा पावसाळ्यात छातीत पाणी झालं. जुन्या बरगड्या कधी नीट बसल्याच नव्हत्या, दर पावसाळ्यात खोकायचे. डॉक्टर म्हणाले त्या फटक्यांचंच हे. म्हणजे त्या दिवशी सुरू झालेलं मारणं परवा संपलं, असंच मी समजते. हे मरणही मी त्याच मारेकऱ्यांच्या खात्यात मोजते.

त्यांच्या लोकांत पुरतात. इथे त्यांची दफनभूमी नाही. गावात प्रश्न उठला, कुठे? आपल्या म्हाताऱ्यांनी आपल्या जागेत खड्डा खणला. काळी माती, पावसाचं पाणी भरत होतं. उपसायचं आणि खणायचं, उपसायचं आणि खणायचं. काकूंचे भाऊ मुंबईहून पोचेपर्यंत ही माणसं गुडघाभर चिखलात उभी होती. त्यांना प्रार्थनेसाठी दहा पुरुष हवे होते. बरोबर आणलेले धरून पाचच झाले. प्रार्थना अर्धीच झाली.

गुलाब आज इथे आलेला नाही. यावा, असं मला वाटतही नाही.

आणि आता जे सांगायचं, त्यासाठी मी उभी राहिले. हन्नाकाकू उद्याच्या मोटारीनं भावाबरोबर चालल्या. मुंबईला, आणि तिथून रूथकडे. मी राहा म्हटलं नाही. एकटीनं ते दार लावून दिवसभर आत बसायचं, आणि बाहेर कोण पळतंय याचा कानोसा घ्यायचा, हे त्या बाईनं आणखी किती वर्षं करावं? यंदापासून आपल्या गावात तो सण कोणी पाळणार नाही. आपल्याला तो कधी आला तेही कळणार नाही.

काकू, कबर आमच्याकडे आहे. पावसाळा संपला की मी शाळेतून सुटी घेऊन येईन आणि तिच्याभोवती दगड लावून घेईन. नाव तुमच्या अक्षरांत लिहायचं ते तुम्ही कागदावर काढून द्या. इथला पाथरवट ती अक्षरं वाचू शकणार नाही, पण बघून कोरेल.

मिस्त्रीकाका, तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.

आता एक विनंती आहे. शोकसभेत आपण दोन मिनिटं गप्प उभे राहतो. आज तसं नको. काकू त्यांच्या हिब्रू भाषेतली प्रार्थना म्हणणार आहेत. त्यांच्यात ती बायका म्हणत नाहीत, पण मी त्यांना विनवलं आणि त्या हो म्हणाल्या. आपल्याला अर्थ कळणार नाही. ती संपेपर्यंत कोणी खोकायचं नाही, कोणी हलायचं नाही. लेकरांना जवळ घ्या.

उभे राहा सगळे.

काकू, म्हणा.